बायच्या शेवटच्या भातावरचा पाऊस

दसरा झाला की इचलकरंजीत माझा पाय घरात ठरत नाही. त्या वर्षी भिवंडीजवळच्या वडप्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. तिला आम्ही बाय म्हणतो. "भात कापलंय. शेवटचंच हाय. येतोस तर ये." शेत गोदामवाल्यांना देऊन झालं होतं. भात उचललं की मातीचा भराव पडणार होता. मुलगा म्हणाला, "आबा, या वयात रात्रीची एस.टी. कशाला?" मी त्याला विचारायला गेलोच नव्हतो, सांगायला गेलो होतो.

भिवंडीला उतरलो तेव्हा पहाटेचा गारवा होता. स्वेटर घालून एक चहा मागवला. चहा संपेपर्यंत स्वेटर अंगाला चिकटला. इथली हवा अशीच. सकाळी थंडी, दुपारी भट्टी, संध्याकाळी गडगडाट, आणि पडायचं की नाही ते ढगालाच माहीत नाही. तरुणपणी या हवेला रोज शिव्या घालत कामावर जायचो. आता तोच घाम पुसताना बरं वाटत होतं.

पायी निजामपुऱ्यात युसूफकडे गेलो. त्याच्या वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आम्ही दोघांनी शेजारी शेजारी लूम चालवले. तो कोकणी मुसलमान, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो. निम्मे लूम आता भंगारात गेलेत, पण उरलेल्यांचा आवाज तोच. त्यानं खिमा-पाव मागवला.

"बापू, म्हातारा झालास."

"तू काय नवरदेव दिसतोस?"

हसत हसत त्यानं कारागिराला हाक मारली. "क्या रे, आज तार कितना टूटा?"

"सुबह से एक भी नहीं, सेठ."

माझा घास हातात राहिला. पावसाळा सरला की कोरड्या हवेत ताणा (लूमवर लांबीत लावलेलं सूत) सारखा तुटतो, गाठी मारून बोटं दुखतात. तार तुटत नाही म्हणजे हवेत ओल आली. बाहेर येऊन बघितलं तर आभाळ धुतल्यासारखं निळं.

"बायचं भात कुठंय?" युसूफनं विचारलं.

"कापून शेतातच वाळत घातलंय."

"मग खातोस काय बसून? ऊठ."

रिक्षा केली. स्वेटर त्याच्याकडेच राहिला. नाशिक हायवेला लागलो. पूर्वी या दिवसांत इथं पिकल्या भाताचा वास यायचा, आता डिझेलचा. दोन्हीकडे पत्र्याची गोदामं, आणि त्यांच्या मधोमध बायचं पिवळं शेत.

बाय आणि भाचा दिनेश ओट्यावर बसले होते. मी उतरल्या उतरल्या म्हणालो, "भारे बांधायला घ्या. पाऊस येतोय."

दिनेशनं वर बघितलं. "मामा, कुठंय पाऊस? उद्या पहाटे दवात बांधू."

त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडे भारे पहाटेच बांधतात. दवानं लोंब्या नरम असतात, दाणा गळत नाही. भर उन्हात हात लावला की झडतो. पण मी सांगितलं, युसूफकडे तार तुटत नाही.

"तुमच्या लूमला शेतातलं काय कळतंय?" तो हसला.

मी डोक्याला टॉवेल बांधला आणि शेतात उतरलो. म्हातारा मामा उन्हात वाकलेला बघून त्यांना बसवेना. दोघंही आली. प्रत्येक भारा उचलला की दाणे खाली सळसळायचे. बाय मागून मूठ मूठ वेचत होती. तिच्याकडं मला बघवत नव्हतं. खळ्याच्या जागेवर आता ट्रक लागतात, म्हणून भारे पडवीत रचले, उरले ते स्वयंपाकघरात.

संध्याकाळी भिवंडीच्या अंगाला ढग काळे झाले, वीज चमकली, गार वारा सुटला. थेंबही पडला नाही. भाऱ्यांच्या मधे अंग चोरून आम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला बसलो.

"मामा, तुमचा पाऊस वाट चुकला," दिनेश म्हणाला.

बाय हसली नाही. "दाणं लय सांडलं," एवढंच बोलली. मला जेवण गेलं नाही.

सकाळी लख्ख ऊन. दिनेश अंगणात दात घासत होता, माझ्याकडं बघून काही बोलणार तोच गोदामाच्या मागून पाऊस आला. ऊन तसंच, आणि पाऊस असा की समोरचा पत्रा दिसेना. सांडलेले दाणे बांधाकडं वाहत निघाले. दिनेश तोंड न धुताच आत पळाला आणि पडवीतल्या भाऱ्यांवर प्लास्टिक ओढायला लागला. मला त्याला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. पण बाय दारात बसून शेताकडं बघत होती.

"वाचलं रं भात," ती म्हणाली. "पुढल्या सालापासून कवाबी पडूंदे. आपल्याला धाक न्हाय."

धाक गेलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

भात झोडून झालं आणि मी निघालो. फाट्यावर ठाण्याची एस.टी. मिळाली. बसतोय तोच पुन्हा अंधारून आलं. सगळ्यांनी काचा ओढल्या, मी माझी उघडीच ठेवली. मागचा ओरडला, ओरडू दिला. बायचं शेत दिसलं. नुसती खोडं उभी, वर धो धो पाऊस, आणि धावत येणारं कोणी नाही. लहानपणापासून या पावसाला घाबरलो, बापाबरोबर, मग बायबरोबर. आता तिथं त्यानं भिजवावं असं काहीच नव्हतं.

"बाबा, खाली बसा, पडाल," कंडक्टर म्हणाला. तेव्हा कळलं, मी उभा राहिलो होतो.