पंतांनी गोड सोडलं होतं

लक्ष्मीकांतपंत मुळे ग्वाल्हेर दरबारच्या जमीन-दफ्तरात नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला उतरवायच्या, एवढंच काम. पण शहराच्या लष्कर भागात त्यांना ओळखत ते जयेंद्रगंजच्या हॉकी संघाचे काका म्हणून. स्वतः त्यांनी जन्मात हॉकीची काठी हातात धरली नव्हती. घाईनं चाललं तरी त्यांना धाप लागे. तरी पंधरा वर्षांत संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. पगडी मांडीवर घेऊन पंत मैदानाच्या कडेला बसले नाहीत तर पंच शिट्टी वाजवायची विसरतो, अशी त्यांची थट्टा होई, आणि ती त्यांना मनापासून आवडे.

दर थंडीत आठ संघांची चषकाची स्पर्धा होई, प्रत्येकाचे सात सामने. जयेंद्रगंजच्या हाताशी आलेला चषक दोनदा मुरार छावणीवाले घेऊन गेले. दुसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा पंत तडक गणपतीपुढे जाऊन उभे राहिले आणि आमच्या पोरांना चषक मिळेपर्यंत गोड खाणार नाही, असं बोलून आले. बोलले ते बोलले, वर पोरांना ईर्ष्या यावी म्हणून मैदानात सगळ्यांच्या देखत सांगूनही टाकलं. गणपतीशी झालेलं बोलणं गणपतीपाशीच ठेवायचं असतं, हे या शहाण्या माणसाला तेव्हा सुचलं नाही.

त्याला आता पाच वर्षं झाली होती. ग्वाल्हेरच्या थंडीत गोड सोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पाटणकर बाजारात तीळगुळाची गजक कुटायला लागले की तो खमंग वास कचेरीपर्यंत पाठलाग करी. पंत नाकाला उपरणं लावून जात. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटे.

या वर्षी मात्र संघाचं काही खरं नव्हतं. विशीतली पोरं म्हणून पाहिलेले ते अकरा जण आता पस्तिशीला टेकले होते. कोणी मास्तर, कोणी कंपाउंडर, कोणाचं पोट सुटलेलं. संक्रांतीपर्यंत तीन सामने झाले, त्यातले दोन हरले, एक बरोबरीत सुटला. मुरारच्या कोवळ्या शिपायांनी तर त्यांना नुसतं पळवून दमवलं. कप्तान कान्होजी सेंटर-हाफला खेळायचा. तो गुडघ्याला पट्टी बांधून उतरे आणि मध्येच वाकून बुटाची नाडी बांधत बसे. थंडीनं पाय आखडतो, अशी पंतांनी स्वतःची समजूत घातली होती. उरलेले चारही जिंकले तर, असं ते रोज बोटांवर मोजत.

संक्रांतीला कान्होजीची बायको विमल हळदीकुंकवाला आली. पंतांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंना भेटून निघताना तिनं ओसरीवर बसलेल्या पंतांपुढे तिळगूळ धरला. पंत नेहमीच्या ऐटीत हसले आणि म्हणाले, चषक आला की तुझ्याच हातचा खाईन. विमलनं हात मागे घेतला नाही. तिचे डोळे भरून आले.

"काका, तुमच्या नवसापायी ह्यांचा पाय जातोय," ती म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षांपूर्वीच खेळायला मना केलंय. घरचा जिना बसून उतरतात. मी काही म्हटलं की एकच बोलतात, काकांचं गोड बंद आहे, मी कसा बसू?"

तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली आहे, एवढं बोलून ती गेली. बुटाची नाडी इतक्या वेळा का सुटते, ते पंतांना आत्ता कळलं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

राजलक्ष्मीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "पाच वर्षं पुरणपोळी माझ्या एकटीच्या घशाखाली उतरली नाही. पण मला कोणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी पंत देवळात गेले. चषक तरी दे नाहीतर नवसातून सोडव, असं देवाला म्हणायचं घरून ठरवून गेले होते, पण तिथे उभं राहिल्यावर चषक आठवेचना. आठवल्या त्या पंधरा वर्षांतल्या संध्याकाळी, चिखलातला तो एक गोल, जिंकल्यावर आपल्याला खांद्यावर घेणारी पोरं. मागायला आलेला माणूस नुसते हात जोडून परत आला.

रविवारी सामन्याआधी पंत गजकेचा पुडा घेऊन मैदानावर आले. अकरा जणांसमोर त्यांनी तो उघडला आणि एक तुकडा कान्होजीच्या हातात दिला.

"मला भरव," ते म्हणाले.

कान्होजी गोंधळला. "काका, चषक कुठे आला अजून?"

"कचेरीत दिवसभर मी दुसऱ्यांचे कागद उतरवले," पंत म्हणाले. "संध्याकाळ तेवढी माझी होती, आणि ती तुम्ही दिलीत. आणखी काय मागायचं होतं मला? माझंच चुकलं. भरव, आणि आज माझ्याशेजारी बस."

कान्होजीनं मान खाली घालून तुकडा त्यांच्या तोंडात घातला. पाच वर्षांनी तोंडात आलेली गजक पंतांच्या घशात अडकली, ठसका लागला, पगडी घरंगळली आणि सगळे पोट धरून हसले. कान्होजीच्या जागी राखीव गडी जयसिंहराव उतरला. सहा वर्षं तो नुसते कोट सांभाळत बसला होता.

जयेंद्रगंज तीन-एकनं हरलं. तो एक गोल जयसिंहरावाचा होता आणि त्या वेळी पंत इतके ओरडले की पंचानं वळून पाहिलं. उरलेली गजक त्यांनी राजलक्ष्मीबाईंसाठी पुन्हा बांधून घेतली. मग कान्होजीनं पट्टी सोडून खिशात घातली, पंतांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उघडपणे लंगडत निघाला. पंतांना धाप लागत होती. दोघांनाही घाई नव्हती.