साडूंचं बोट

जगात हट्टी माणसं पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचा हट्ट एकत्र केला तरी आमच्या साडूंच्या डाव्या तर्जनीची सर त्याला यायची नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते सोल्डरिंग करत, म्हणजे तारांना डाख देत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ताईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पायाने शिलाई मशीन चालवायला बंदी घातली. बाजारातली मोटर लावून पाहिली, तर ती सुसाट सुटायची. ताईंना एकेक टाका सावकाश हवा. शिवणकाम सुटलं तर मी दिवसभर करू काय, असं त्या एकदाच म्हणाल्या आणि साडूंनी भंगारातून चोवीस व्होल्टची मोटर उचलून आणली.

मोटरचा वेग आवरायला ट्रान्झिस्टर हवा; गाण्यांचा नव्हे, वीज कमीजास्त करणारा छोटासा भाग, फार तापला की जळणारा. कारखान्यातल्या इंजिनियरने एक महागडा परदेशी सुचवला, तो साडूंनी साफ नाकारला. चिकटपणा म्हणून नव्हे. "उद्या मी नसलो आणि हा जळला, तर हिला स्टेशनसमोरच्या दुकानात मिळायला हवा," ते म्हणाले. मग स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरांच्या मुलाखती सुरू झाल्या. मोटर चालू करायची, ट्रान्झिस्टरवर तर्जनी टेकवायची आणि वीस आकडे मोजायचे. चटका न बसता बोट टिकलं तर उमेदवार पास. उजव्या हाताने जेवताना डाव्या हाताने हे चाले. मी एकदा भर सतराव्या आकड्याला दारात उभा राहिलो, तर मला 'या'सुद्धा म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली. एवढं करून पास झालेला प्रत्येक ट्रान्झिस्टर आठवडाभरात जळायचा आणि साडू दुकानदाराशी भांडून दुसरा आणायचे. असे सात महिने गेले.

शेवटी एका दुपारी ताईंनीच आपलं बोट टेकवलं. साडू अठरापर्यंत आरामात पोचले होते. ताईंनी तीनलाच हात मागे घेतला.

"अहो, हा तवा झालाय नुसता."

वीस वर्षं तापलेल्या तारा धरून साडूंचं बोट पार बधिर झालं होतं. संध्याकाळी ते पाच नवे ट्रान्झिस्टर घेऊन आले आणि ताईंना म्हणाले, "आता तू मोज."

ताईंनी पास केलेला ट्रान्झिस्टर आजही टिकून आहे. साडू आता निवृत्त झालेत. त्यांच्या कोपर गावातल्या घरी कधीही जा, ताई शिवत असतात आणि साडू शेजारी ट्रान्झिस्टरवर बोट टेकवून मोजत असतात. त्या बोटाला काही कळत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. परवा मला हसू आलं, तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "मोजू द्या, भाऊजी. तेवढा वेळ शेजारी तरी बसतात."

साडू तोवर वीस ओलांडून कितीतरी पुढे गेले होते.