चार बोटं रुंद

"सून चांगली हाय हो, पण इंजन चालू हाय का बंद, तेच कळत न्हाई."

सासरे पाना पुसत पुसत गिऱ्हाइकाला सांगत होते. मी चहा घेऊन दाराआड उभी. चहावर साय धरेपर्यंत थांबले, मग आत गेले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. जिंतुरात आमचं घर पुढं, गॅरेज मागं. गॅरेजमधलं भंगार कोणी टाकत नाही, नुसतं वाढत जातं. किस्स्यांचंही तसंच. लग्नाला दोन महिने झाले, तेवढ्यात माझ्याकडं बरेच साठले. बहुतेक एकाच जीपचे.

*

जीप मामांची, माझ्या नवऱ्याहून वयानं मोठी. येलदरीच्या चढावर सोयाबीनची पोती भरलेली असताना तिचा मागचा एक्सल तुटला. मामांनी ठरवलं, आता पिकअपचा दणकट एक्सल टाकायचा. परभणीच्या भंगारातून तो आला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. अख्खी गल्ली बघून गेली. माझा रुखवत बघायला एवढी माणसं नव्हती.

*

त्याच आठवड्यात माहेराहून, वालूरहून फोन आला. धाकट्या बहिणीचा साखरपुडा, रविवारी दुपारी.

"बसनं जाऊ," हे म्हणाले.

"लग्नानंतर पहिल्यांदा चाललास आन एसटीतनं उतरणार?" मामा म्हणाले. "लोकं काय म्हणतील? एक्सल बसला की जीपच घेऊन जा."

मी आईला कळवलं, येतो. कशानं, ते सांगितलं नाही.

*

मग आठवडाभर नवरा मला फक्त गुडघ्यांपासून खाली दिसला. बाकीचा जीपखाली.

एकदा चहा ठेवून मी हळूच विचारलं, "अहो, साखरपुड्याला साडी कोणती नेसू?"

जीपखालची ठोकाठोक थांबली. मग दिराचा आवाज आला, "वहिनी, दादा नटबोल्ट आणायला गेलाय."

आणि थोड्या वेळानं, "पण हिरवी चांगली हाय."

*

शनिवारी एक्सल चढला. "आबा, दोन्हीकडनं चार-चार बोटं जास्त भरायलाय," हे मामांना म्हणाले.

"जास्तच हाय ना? मग कामून घाबरायलास? कमी असता तर वांधा होता."

मागची चाकं बॉडीच्या बाहेर आली. दीर लांबून बघून म्हणाले, "लय ऐटीत दिसायली."

*

रविवारी जीप धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढं बसले. यांनी गिअर टाकला.

गॅरेजच्या शेडचं दार मामांनी स्वतः बांधलेलं, जीपच्याच मापानं, दोन दगडी खांबांचं. पुढची चाकं बाहेर आली. मी उन्हात आले. मग घर्र आवाज झाला आणि जीप थांबली. मागची चाकं दोन्ही खांबांना टेकली होती.

"हवा काढू," दीर म्हणाले.

"खांब फोडू," हे.

"पत्रे तुझ्या डोक्यावर येतील," मामा. बराच वेळ खांबाकडं बघून म्हणाले, "एक्सल काढावा लागंल. लागा दोघं."

पर्समध्ये आईचा फोन वाजत होता. यांनी बाह्या वर सारल्या. पांढऱ्या शर्टासकट जीपखाली शिरायला लागले.

मी डबा घेऊन खाली उतरले.

"मामा," मी म्हटलं. तिघंही थांबले.

"ह्यांना सोडा. बस धरायची हाय. जीप कुठं जात न्हाई."