चावलं कुठं, ते सांगा!

इंजेक्शनच्या खोलीत नोकरी काढलेल्या सिस्टरला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या लातूरकडच्या छोट्या दवाखान्यात विंचू, कुत्रं आणि साप यांचेच जास्त! आणि खरं सांगते, ज्याला चावलंय तो दुखण्याने कमी आणि लाजेने जास्त कळवळतो.

*

भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले आणि पडलेल्या घरांच्या दगडांतले विंचू मोकाट सुटले. एक गुरुजी आले.

"कुठं चावला?"

"हाताला."

दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं, बसा तरी."

"न्हाई, उभाच बरा हाय!"

*

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं तेव्हा बायोलॉजीच्या एका सरांना कुत्रं चावलं. पोटरीवर तिखटाचा लेप!

मी नळाखाली साबणाने जखम धुता धुता विचारलं, "सर, पोरांना रेबीज तुम्हीच शिकवता ना?"

सरांनी मान खाली घातली. "ते सीईटीला, सिस्टर. घरी हेच चालतं."

*

सापाच्या चाव्यावर दोरी आवळून येणाऱ्यांवर आमचे डॉक्टर भारी चिडायचे. एकदा क्वार्टरच्या बाथरूममध्ये त्यांनाच साप चावला. लंगडत आले, पॅन्ट वर केली, तर गुडघ्याखाली करकचून आवळलेला टाय! साप निघाला साधी बिनविषारी पाणदिवड.

"मिसेसनी बांधला हो," डॉक्टर पुटपुटले.

वहिनी तेव्हा माहेरी नांदेडला होत्या!

*

शेडमधल्या एका म्हाताऱ्याने नव्या सुनेला आणलं. "पायात काटा गेलाय, अन् सारखा तोल जातुया."

"काटाच हाय," तीही म्हणाली. पण पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. मी सासऱ्यांना बाहेर काढून दार लावलं.

"साप हाय, बाई. पहाटं परसाकडं गेले होते. मामंजी दारातच बसलेले असतात. त्यांच्या म्होरं काय सांगू?"

शेडला संडास नव्हतेच. या लाजेपायी किती वेळ गेला होता! डॉक्टरांनी लगेच विषावरचं औषध चालू केलं, तरी श्वास जातो की राहतो, अशी गत झाली. मी तणतणत बाहेर आले आणि सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. सांगताना माझीच मान खाली गेली.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. सासरे खाटेजवळ आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले,

"सिस्टर, सूनबाईला सांगा, उद्यापासून मी पहाटं दारात बसणार न्हाई."