भाऊंच्या नाटकाची तालीम

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस आले की कशावरही नाटक निघतं. माझ्या वडिलांवर निघालं तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. वडील म्हणजे सगळ्या तालुक्याचे भाऊ. जंगलातली जमीन कसणाऱ्यांच्या नावावर व्हावी म्हणून आयुष्यभर मोर्चे काढले, तुरुंगात गेले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता एका नाटकमंडळीच्या लेखकाला भाऊंचं ‘आतलं दुःख’ दाखवायचं होतं. आतलं दुःख म्हणे! ते आमच्या घरात राहत होतं तेव्हा कोणी फिरकलं नव्हतं.

लेखक भला माणूस. वहीच घेऊन घरी आला. तिसऱ्या प्रवेशात माझी धाकटी बहीण तापाने फणफणलेली असते आणि त्याच दिवशी गडचिरोलीला मोर्चा असतो. भाऊ सकाळची एसटी धरायला निघतात. बायको म्हणते, जाऊ नका. ते उंबऱ्यातून परत फिरतात, लेकीच्या कपाळावर हात ठेवतात, रडतात आणि मग जातात.

“ते फिरले नव्हते,” मी म्हणाले. “हे काढा, नाहीतर नाटक होऊ देणार नाही.”

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्याच दुपारी बहीण गेली. त्यानंतर वडिलांशी मी कामापुरतंच बोलले, ते अगदी त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत. लोकांच्या लेकरांसाठी धावणारा माणूस घरातल्या लेकरासाठी थांबला नाही, हे मी कुणालाही विसरू देत नसे. माझा स्वभावच तसा चिवट.

“एकदा तालीम पाहा ताई, मंग म्हणाल तसं करतो,” लेखक म्हणाला. मी पहिला प्रयोग होण्याआधीच नाही म्हणायचं ठरवून निघाले. आईनं हट्टानं लुगडं बदललं आणि सोबत आली.

सावली गावात एका धानाच्या गिरणीच्या शेडमध्ये तालीम होती. आमच्याकडे नटांचं पाठांतर होईपर्यंत मोसम सुरू झालेला असतो, त्यामुळे सारी भिस्त प्रॉम्प्टरवर. तो समोर वही घेऊन बसतो, वाक्य सांगतो, नट ते घोळवून म्हणतात. तिसरा प्रवेश आला. प्रॉम्प्टर म्हणाला, “जाऊ नका हो, पोर तापानं जळून राह्यली.” नटीनं पदर डोळ्यांना लावून तेच म्हटलं.

“असं नाई म्हटलं मी,” खुर्चीवरून आई म्हणाली.

प्रॉम्प्टरनं घाईघाईनं पानं उलटली. बिचाऱ्याला वाटलं आपलंच पान चुकलं. मग पेन्सिल काढून अदबीनं म्हणाला, “मंग काय म्हटलं, बाई?”

“हे फाट्यावरून परत आले होते, तवा ही शाळेत गेली होती. पोरीपाशी बसले. मी म्हटलं, ताप उतरला, तुमी जा. तिकडं लोकं वाट पाहून राह्यले.”

“उतरला होता?” मी विचारलं.

“नाई.”

प्रॉम्प्टरची पेन्सिल हलली नाही. मला आईचा राग आला, खराखुरा, कानशिलं तापवणारा. एवढी वर्षं ती माझ्या शेजारी बसून मला वडिलांविरुद्ध बोलताना ऐकत होती.

“मला काऊन नाही सांगितलं?”

“मी सांगायले निघाली होती. त्यायनंच अडवलं.” आई माझ्याकडे न बघता बोलत होती. “म्हणाले, तिले माह्यावर रागावू दे. तुह्यावर रागावली तं पोर जाईल कुठी?”

मी उठले. भाऊंचं काम करणारा नट, पांढरं जाकीट घातलेला, काय करावं न कळून पुढे आला. पंचविशीतला पोरगा तो. मी त्याचाच हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांदेखत रडले, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.