ढोलाचे दोन, टिमकीचे तीन

जिलेबीच्या दुकानासमोर नाचणाऱ्या बाया थांबल्या. आधी पुढच्या दोघींचे पाय अडखळले, मग मागच्या त्यांच्या पाठीवर आल्या, आणि मग सगळ्या उभ्या राहून माझ्याकडे पाहू लागल्या. टिमकी माझ्या कमरेला बांधलेली होती आणि ती मीच वाजवत होते. हात चालू होते. पण ढोल कुठे आहे आणि मी कुठे आहे, ते मला कळत नव्हतं. डोळ्यांना ढोल दिसत होता, जवळच होता. कानाला तो सापडत नव्हता.

पलीकडे गोंदियाहून आलेली धुमालची, म्हणजे मोठ्या आवाजाच्या बँडची, गाडी उभी होती. तिच्यावरच्या स्पीकरच्या मोठाल्या पेट्या अजून बंद होत्या. गाडीवरून एकजण ओरडला, "अम्मा, हो गया क्या? हम चालू करें?"

मला वाटलं, झालं. आता गावातून ढोल संपला, आणि तो माझ्या हातून संपला.

आमचं गाव केशोरीच्या रस्त्यावर आहे. इटियाडोह धरणाचं पाणी येतं, धान होतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारी ढोल आणि टिमकी देवापासून निघतात, बाजारातून फिरतात आणि परत देवापाशी येतात. मागे बाया-माणसं नाचतात. ढोल माझा भासरा वाजवतो, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. टिमकी माझा नवरा वाजवायचा. टिमकी म्हणजे लहान लोखंडी कढईवर कातडं ताणलेलं, दोन बारीक काड्यांनी वाजवायचं.

नवरा वारला. त्यानंतरच्या मंडईला ढोल निघालाच नाही. भासरा म्हणाला, एकट्या ढोलावर पाय उचलत नाही. गावातल्या पोरांनी धुमाल आणला, सगळे नाचले. यंदा पोरं घरी आली आणि सरळ बोलली. ढोल निघत असेल तर पहिला मान ढोलाचा. नसेल निघत तर आता दरवर्षी धुमालच, पुन्हा विचारायला येणार नाही. वाईट बोलली नाहीत. भासऱ्याने ऐकून घेतलं, मग ढोल घरातून उचलला आणि घरामागच्या सांदवाडीत सरपणाशेजारी नेऊन ठेवला. त्याचं वय झालं आहे. यंदा नाही निघाला तर त्याच्या हातून पुन्हा निघणार नाही, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. तो जेवायला बसला तरी ताटाकडे पाहत नव्हता.

मी म्हणाले, "टिमकी मी वाजवीन."

जाऊ, म्हणजे भासऱ्याची बायको, चुलीपाशी होती. "तू? तुले भात धड शिजवता येत नाई, अन् टिमकी वाजवते म्हणे!"

"वाजवीन."

असं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवऱ्याची आठवण वगैरे त्यात नव्हती. तो वाजवायचा तेव्हा मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. धानाची रोवणी आटोपली होती आणि टिमकी खुंटीला होती, एवढंच खरं.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. त्याला हात लावायचा नाही, समोरून जायचं नाही. या घरात आले तेव्हापासून हेच चालू आहे आणि म्हातारी झाले म्हणून ते सुटलं नाही. तेव्हा तो माझा हात धरून शिकवू शकत नव्हता. तो जावेला सांगायचा, जाऊ मला सांगायची. दुपारी तिघं सांदवाडीत बसायचो. तो ढोल घेऊन गोठ्याकडे तोंड करून, मी त्याच्याकडे पाठ करून, आणि ती मधे सूप घेऊन तांदूळ निवडत.

"वो, तिले सांग, माझे दोन पडतेत तेवढ्यात तिचे तीन पडले पायजे."

"ऐकलं का? यायचे दोन, तुये तीन."

"तेवढ्यात म्हणजे केवढ्यात?"

"केवढ्यात म्हणते थे."

"तेवढ्यातच."

"तेवढ्यातच म्हणते."

मी तीन मारायचे. घाई केली की माझे तीन आधीच संपायचे आणि मी काड्या वर धरून त्याची वाट पाहत बसायचे. सावकाश मारले की तो पुढे निघून गेलेला असायचा. त्याचं ऐकून मारायला गेले की माझेही दोनच पडायचे, ढोलासारखे. मग तो म्हणाला, "तिले सांग, माझं ऐकू नको."

जाऊ हसली. "जलमभर सारे मले ऐक, ऐक म्हणून राहिले. हिले म्हणते ऐकू नको. नशीब हाय बापा!"

मी ऐकायचं सोडलं. तर मी कुठेच उरले नाही. तो म्हणाला, "तिले सांग, ऐकू नको पन सोडू बी नको."

यावर जाऊ म्हणाली, "हे मले बी नाई समजलं. तूच पाह्य."

एवढं कमी होतं म्हणून की काय, आणखी एक गोष्ट निघाली. पहिला ठोका दोघांचा एकत्र पडायला हवा. दोन असो की तीन, सुरुवात एकच. तिथेच नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर येतो. मी तो ठोका चुकवते, असं भासरा सारखं म्हणायचा. मला पटत नव्हतं. मी तर मारतच होते. एक दिवस जावेने सूप खाली ठेवलं आणि माझ्या हाताकडे पाहत बसली.

"तू कांडून राहिली वो," ती म्हणाली.

खरंच तसं होतं. गिरणी नव्हती तेव्हा आम्ही घरी धान कांडायचो. एका उखळात दोघी, कधी तिघी. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. दोन मुसळं एकत्र पडली तर मुसळ मुसळावर आपटतं, मनगट झणझणतं, बोटं सापडतात. लहानपणी आईने तेवढं एकच नीट शिकवलं होतं. समोरची मारते तिथे आपण मारायचं नाही. ते हातात असं बसलं होतं की ढोल पडला की माझा हात आपोआप मागे सरायचा आणि मधल्या फटीत जाऊन पडायचा. मला ते कळतही नव्हतं. कळल्यावरही हात थांबेना. डोकं म्हणायचं आता मार, हात म्हणायचा बोटं जातील.

जाऊसुद्धा कांडायची, माझ्याच समोर, त्याच उखळात. ती सुपावर बोटांनी वाजवून दाखवायची, "असं, असं पाह्य." मला वाटायचं चिडवते आहे. मी पाहायचे नाही.

दसऱ्याच्या आसपास कधी कधी जमू लागलं. कसं जमलं ते कळायचं नाही. जमलं म्हणून पाहायला गेले की जायचं. भासरा म्हणाला, "तिले सांग, चालते. मंडईत काढू." कातडं धानाच्या तणसाच्या जाळावर शेकून घट्ट केलं, आणि आम्ही निघालो. देवापासून शाळेपर्यंत सगळं ठीक होतं. पाय पडत होते, लोक ओरडत होते. बाजारात शिरलो, आकाशपाळण्याचा भोंगा वाजला, जिलेबीच्या कढईत तेल कडकडत होतं, आणि माझा हात उखळावर गेला. ढोल पडला की मी मागे. दोघांच्या ठोक्यांची एकच सरळ रांग झाली आणि पायाला उतरायला जागाच राहिली नाही. म्हणून बाया थांबल्या.

भासरा थांबला नाही. तो थांबला असता तर धुमाल सुरू झाला असता. वाजवता वाजवता त्याने मान वळवून मागे पाहिलं. गावासमोर तो माझ्याशी बोलणार नव्हता. "वो!" तो ओरडला. "तिले सांग..." काय सांगायचं ते त्यालाही सुचलं नसेल.

जाऊ नाचणाऱ्यांत होती. ती बायांना ढकलत आली आणि तिने माझ्या हातातल्या काड्या ओढून घेतल्या. मला वाटलं, मारते आता. ती माझ्या समोर उभी राहिली, एकदा नवऱ्याच्या ढोलाकडे पाहिलं आणि माझ्या कमरेवरची टिमकी वाजवू लागली. पहिला ठोका ढोलासोबत पडला आणि टिमकीची कढई माझ्या पोटात बसली. मग तिचे उरलेले दोन, पुन्हा एकत्र, पुन्हा दोन. कुठे अडली नाही.

बायांचे पाय उचलले. ढोल पुढे निघाला म्हणून मीही पुढे निघाले, आणि जाऊ वाजवत माझ्यासमोर उलटी चालू लागली. मी दोन्ही हातांनी कढईची कड धरली होती. दुसरं काम मला नव्हतं. एक बाई म्हणाली, "हे चांगलं हाय, एकीनं उचलाचं अन् एकीनं बडवाचं!" लोक हसले. धुमालवाला खाली उतरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला.

तसेच देवापर्यंत गेलो. भासऱ्याने ढोल उतरवला, घाम पुसला आणि बायकोकडे पाहत राहिला. "कवा शिकली वो तू?"

"तुमीच त शिकवून राहिले होते," ती म्हणाली. "मी त नुसती हिले सांगून राहिली होती."

नंतर धुमाल सुरू झाला. त्याच्यावर जास्त लोक नाचले, हे खरं आहे. पण पोरं भासऱ्याला म्हणाली, पुढच्या वर्षी पण पहिला ढोल. त्या रात्री तो पोटभर जेवला.

मी अजून शिकते. आता जाऊ शिकवते. तिला माझा हात धरता येतो, चापट मारता येते, आणि ती मारते. तिला कसं आलं ते तिला सांगता येत नाही. मला का येत नाही ते मला सांगता येत नाही. त्या दिवशी बाजारात दोन आणि तीन दोन्ही माझ्या पोटात वाजत होते आणि पोटाला सगळं बरोबर वाटत होतं. हाताला ते अजून पोचलेलं नाही.

हे आम्हा तिघांच्या बाबतीत घडलं. ढोलवाला म्हातारा, त्याची बायको, आणि मी, त्याच्या मेलेल्या भावाची बायको. तिघंही अजून आहोत.