बब्रुवानचं मौन

बब्रुवान माझ्यासोबत विहिरी खोदायचा. घाव चुकला की तो पहार बाजूला ठेवायचा, हात झटकायचा आणि मग पुन्हा उचलायचा. रागानं दुसरा घाव त्यानं कधी मारला नाही. एवढ्यावरून मी त्याला ओळखलं.

तो ख्रिस्ती. बापानं निजामाच्या काळात बाप्तिस्मा घेतला, पण घरात नावं जुनीच राहिली. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न त्यानं केलं नाही.

बेंबळीबाहेर माळावर एका फादरनं दोन खोल्या बांधल्या होत्या. लोक त्याला मठ म्हणत. फादर म्हणायचे, मठ दक्षिणेत आहे, ही नुसती तयारीची जागा. प्रपंचातल्या माणसांना ते तिथं शिकवायचे. पहाटे उठून स्तोत्रं म्हणायची, बायबलातली एकच ओळ हळू वाचायची, आणि ती मनात धरून दिवसभर हातानं काम करायचं. काम करताना बोलायचं नाही. बहुतेक जण थोडे दिवस राहून घरी जात आणि जमेल तेवढं घरी पाळत. ज्याला त्यापुढं जायचं असेल त्याला फादर दक्षिणेतल्या मठात पाठवणार होते. तिथं गेलेला माणूस मरेपर्यंत तिथंच राहतो.

बब्रुवानला तिथं जायचं होतं. मी एकदा विचारलं, "न बोलून काय मिळतं रं?"

"तू घाव घालताना बोलतोस का?"

"न्हाय. दम कुठं असतोय तेवढा."

"मग तसंच," तो म्हणाला.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात फादरच्या जमिनीत विहीर काढायला घेतली. तळाशी गुंडाप्पा. अणदूरकडून बेंबळीत येऊन राहिलेला गडी, बोलण्यात निम्मं कानडी, तोंडाला खळ नाही. काठावर बब्रुवान. मी वर आलेले दगड रचायला. दगड वर ओढायला यारी होती, म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर चाक. चाकावरच्या गड्यांना तळ दिसत नाही. म्हणून लोखंडी टोपलं खाली सोडण्याआधी काठावरचा हाळी देतो, खालचा ओ देतो, मग काठावरचा हात वर करतो आणि चाक सुटतं. विहिरीवर हा नियम मोडत नाहीत.

ईस्टरच्या आधीचा आठवडा आला. बब्रुवाननं ठरवलं की आठवडाभर तोंड उघडायचं नाही. गुंडाप्पाला त्यानं आदल्या दिवशी सांगितलं, की हाळीच्या जागी मी विहिरीत सोडलेला उतरायचा दोर हलवीन, तू खालून हलव.

गुंडाप्पा हसला. "तुजा देव काय हाळीला भितो व्हय? बरं, हलव. म्याबी हलवतो. तेवढाच तुज्या देवाशी माजा संबंध."

दोन दिवस काम नीट चाललं. तिसऱ्या दिवशी बब्रुवाननं दोर हलवला. गुंडाप्पा पाठ करून एक दगड उचकटत होता आणि तोल सांभाळायला त्यानं तोच दोर धरला होता. दोर हलला. बब्रुवानला वाटलं, ओ दिली. त्यानं हात वर केला. टोपलं गुंडाप्पाच्या कमरेवर आदळलं.

सोलापूरच्या दवाखान्यातून त्याला परत आणलं तेव्हा कमरेखाली जीव नव्हता.

फादरनं बब्रुवानला विचारलं, "मौन मी बागेतल्या कामाला सांगितलं होतं. विहिरीवर पाळायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. म्याच घेतलं."

 फादर म्हणाले की देव माफ करील, मठातली जागाही जाणार नाही, गुंडाप्पाची सोय कुणीतरी बघेल.

"कोण?" बब्रुवाननं विचारलं. 

गुंडाप्पाला घरात फक्त आई होती, म्हाळसाबाई. बब्रुवान तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "म्या तुला शिव्याशाप देत न्हाय. पर ह्याला उचलायचं मला होत न्हाय."

बब्रुवान आपली वळकटी घेऊन आला आणि तिथंच राहिला.

पाय गेलेला माणूस जड असतो. त्याला सकाळी उचलायचं, धुवायचं, कूस बदलायची, मग कामावर जायचं, मध्येच येऊन पुन्हा कूस बदलायची. हे काम विहिरीपेक्षा अवघड, कारण विहिरीला कधीतरी पाणी लागतं. बब्रुवाननं त्यात कुचराई केली नाही. त्याला जड गेलं ते वेगळंच. गुंडाप्पाला शांतता सहन होत नव्हती. घरात कुणी गप्प बसलं की त्याला धाप लागायची.

"बोल की बब्रुवान."

"काय बोलू?"

"कायबी. रस्त्यात कोण भेटलं ते सांग."

मग बब्रुवान बोलायला शिकला. कुणाचा बैल बसला, तुळजापूरच्या बसमध्ये जागेवरून कोण भांडलं, गावातल्या आण्णासाहेबांनी दुसऱ्यांदा मिशी का काढली. खोटं रचून सांगणं त्याच्यात नव्हतं. म्हणून बातमीसाठी तो थकलेला असला तरी बाजारातून वळसा घालून यायचा. पहाटे प्रार्थनेला बसला की गुंडाप्पा जागा व्हायचा आणि हाक मारायचा. बब्रुवान मला म्हणाला, "ओळ धरतो, तवर हाक येती. ओळ सुटती." तक्रार म्हणून एवढंच मी ऐकलं.

पासष्टच्या थंडीत गुंडाप्पा पाठीच्या जखमा चिघळून गेला. म्हाळसाबाईच बब्रुवानला म्हणाली, "आता जा. तुजं राहिलंय ते कर. माजं म्या बघते." फादर म्हातारे झाले होते, तरी त्यांनी मठाला लिहिलं. मठानं काही महिने राहून बघायला बोलावलं. बब्रुवान गेला. मला वाटलं, आता हा दिसायचा नाही.

पेरण्यांच्या आधी तो उस्मानाबादच्या स्टँडवर उतरला. मी तिथंच होतो. त्याची वळकटी मी घेतली.  चालता चालता तोच बोलला.

"झोपेत म्या ओ देतो. कुणी हाक मारलेली नसती. बाकीच्यांची झोप मोडती."

"एवढ्यावरून काढलं?"

"दिवसाबी. शेजारचा ब्रदर गप्प बसला की वाटतं, ह्याला धाप लागल. मग म्या बोलतो. न बोलता ऱ्हाताच येत न्हाय आता. मठाच्या मोठ्यांनी दोनदा समजावलं. मग म्हणाले, बाबा, तुजी जागा हितं न्हाय. रागावले न्हाईत."

"तू काय म्हणालास?"

"बरोबर हाय म्हणालो."

बेंबळीला पोचलो तेव्हा म्हाळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"वाळलास. भाकर मिळत न्हवती का तिथं?"

"भात. दोन्ही टायमाला भात."

"अन् कोरड्यास?"

तो तिच्यासमोर खाली बसला आणि सांगू लागला. नारळ घातलेलं कालवण, रेल्वेत भेटलेला कोंबड्यांचा व्यापारी, मठातली गाय, तिची शिंगं. मी थोडा वेळ थांबून निघालो. दारातून बघितलं तर म्हाळसाबाईचा डोळा लागला होता. बब्रुवान बोलतच होता.